समान, समतुल्य आणि भावकी : ओतशाळेतील एका तक्त्याविषयी

(परिभाषाविषयक चर्चासत्रात केलेल्या भाषणाची संहिता)



परिभाषेच्या चर्चासत्रात साहित्याची प्राध्यापिका बोलायला उभी राहिली की ती 'साधारणीकरण' किंवा 'ध्वनी' अशा एखाद्या संज्ञेवर बोलणार, असे आपण धरून चालतो. मी आज ॲल्युमिनियमच्या ओतकामातील मिश्रधातूंवर बोलणार आहे. त्यांची नावे देशोदेशींच्या मानकांत वेगवेगळी असतात आणि एका मानकातील नावाला दुसऱ्या मानकात काय म्हणतात हे शोधावे लागते. हा शोध म्हणजे निव्वळ प्रतिशब्दांचा शोध आहे, आणि तो चुकला तर नुकसान समीक्षकाचे होत नाही, भट्टीवर उभ्या असलेल्या माणसाचे होते. म्हणून हा विषय घेतला.

मी बेळगावची. आमच्या उद्यमबागेत आणि मच्छ्याकडे ओतशाळा पुष्कळ. बहुतेक लोखंडाच्या, काही ॲल्युमिनियमच्या. माझा एक जुना विद्यार्थी अशी एक छोटी ॲल्युमिनियमची ओतशाळा चालवतो. कामगारांसाठी मराठीत एक पुस्तिका आणि भिंतीवरचे तक्ते करायचे होते, भाषा तपासायला त्याने मला बोलावले. त्यातला एक तक्ता आधीच भिंतीवर लागलेला होता. डावीकडे ब्रिटिश नाव, मग अमेरिकी, युरोपीय, जपानी. वर ठळक अक्षरांत मथळा : 'समान ग्रेड'.

या मथळ्याने काय झाले ते सांगते. एका परदेशी ग्राहकाचे काम आले होते. आराखड्यावर धातूचे नाव होते एसी-४२१००, युरोपीय मानकातले. ओतशाळेत इंगट होते एलएम २५ चे. भट्टीवरच्या माणसाने भिंतीकडे पाहिले. एकाच ओळीत दोन्ही नावे, वर 'समान'. त्याने एलएम २५ ओतला. माल गेला, ग्राहकाच्या प्रयोगशाळेत तपासला गेला आणि सगळाच्या सगळा परत आला. ठपका भट्टीवाल्यावर आला आणि त्याच्या पगारातून काही रक्कम कापायचे ठरले. मी गेले तेव्हा तो मला म्हणाला, "बाई, भिंतीवर 'समान' लिवलंय. समान म्हंजे समान न्हवं?"

पस्तीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या-शिकणाऱ्या माणसाला याहून सरळ प्रश्न कुणी विचारलेला नाही. त्याने तक्ता बरोबर वाचला होता, तक्ताच चुकीचे बोलत होता. हे मालकाला पटवून देण्यासाठी मला त्या नावांचे व्याकरण शिकावे लागले.

तर आधी व्याकरण. ओतकामाच्या ॲल्युमिनियमला अमेरिकेत तीन अंकी आकडा देतात आणि पुढे दशांशचिन्ह. पहिला अंक कुळ सांगतो : एक म्हणजे जवळजवळ शुद्ध ॲल्युमिनियम, दोन म्हणजे तांब्याचे, तीन म्हणजे सिलिकॉन आणि सोबत तांबे किंवा मॅग्नेशियम, चार म्हणजे नुसते सिलिकॉन, पाच मॅग्नेशियमचे, सात जस्ताचे, आठ कथलाचे. दशांशचिन्हापुढे शून्य असेल तर ती ओतलेली वस्तू, एक किंवा दोन असेल तर तो इंगट. म्हणजे ३५६.० हे वस्तूचे नाव आणि ३५६.१ हे कच्च्या मालाचे. नामाला लागणारी विभक्तीच म्हणा.

युरोपीय नाव पाच अंकी. पहिला चार म्हणजे मुख्य घटक सिलिकॉन. ४२ म्हणजे साधारण सात टक्के सिलिकॉन व थोडे मॅग्नेशियम असलेला गट. ४२०००, ४२१००, ४२२०० ही त्यातली भावंडे. जपानी नावांत एसी४सी आणि एसी४सीएच अशी जोडी आहे. ब्रिटिश एलएम नावे मात्र काहीच सांगत नाहीत. एलएम ६ आणि एलएम २५ यांच्यातला आकडा हा निव्वळ अनुक्रमांक, आपल्या शाळेतल्या हजेरीपटासारखा.

गंमत अशी, की ही एलएम नावे ज्या मानकात होती ते बीएस १४९० ब्रिटनने केव्हाच मागे घेतले. त्याची शेवटची आवृत्ती १९८८ ची, आणि १९९८ मध्ये युरोपीय मानक ईएन १७०६ त्याच्या जागी आले. आपल्याकडे भारतीय मानक आयएस ६१७ आहे, त्यात एलएम २५ च्या जवळचा मिश्रधातू ४४५० या आकड्याने ओळखतात. पण उद्यमबागेत कुणी ४४५० म्हणताना मी ऐकले नाही. सगळे एलएम २५ च म्हणतात. आणे गेले तरी काम बारा आणे होते, तसे हे. मला यात गैर काही वाटत नाही. शब्द राजपत्रात रद्द झाला म्हणून जिभेवरून जात नाही.

आता अर्थाकडे येऊ. एलएम २५ मध्ये सिलिकॉन ६.५ ते ७.५ टक्के. एसी-४२१०० मध्येही तेवढेच. अमेरिकी ३५६.० आणि ए३५६.० मध्येही तेवढेच. इथपर्यंत तक्ता खरा. पण लोखंडाची कमाल मर्यादा पाहा. एलएम २५ मध्ये ०.५ टक्के. ३५६.० मध्ये ०.६. ए३५६.० मध्ये मात्र ०.२०, आणि ४२१०० मध्ये ०.१९. म्हणजे एलएम २५ ला जेवढे लोखंड चालते त्याच्या निम्मेही ४२१०० ला चालत नाही. अमेरिकी नावात हा सगळा फरक आकड्याआधीच्या एका 'ए' या अक्षरात आहे, आणि बोलताना ते अक्षर हमखास गळते. कारखान्यात सगळेच "तीनशे छप्पन" म्हणतात. कानामात्रेच्या चुकांवर गुण कापणाऱ्या आम्हा मास्तरांना हे लगेच कळावे.

जपान्यांनी तोच फरक नावाच्या शेवटी 'एच' लावून दाखवला. युरोपने आकडा बदलला, ४२००० आणि ४२१००. ब्रिटिश नावात मात्र हा फरक दाखवण्याची सोयच नाही. एलएम २५ या एका नावात ढोबळ माल आणि शुद्ध माल दोन्ही मावतात.

आम्हा सीमाभागातल्यांना यावर एक जवळचे उदाहरण आहे. मराठीत 'आम्ही' वेगळे आणि 'आपण' वेगळे. 'आम्ही जेवायला जातो' आणि 'आपण जेवायला जाऊ' यांत समोरच्याला ताट आहे की नाही हे ठरते. कन्नडमध्ये दोन्हीला 'नावु'. कन्नड वाक्य मराठीत आणायचे तर अनुवादकाला ठरवावेच लागते, आणि वाक्यात ते सांगितलेले नसते, ते बोलणाऱ्याकडून काढून घ्यावे लागते. एलएम २५ हा असा 'नावु' आहे. त्याच्यासमोर युरोपीय रकान्यात एकच आकडा लिहिला की आपण न विचारता 'आपण' लिहून मोकळे झालो. प्रत्यक्षात लोखंडाच्या दृष्टीने पाहिले तर एलएम २५ ला ४२००० अधिक जवळचा, ४२१०० नव्हे. ४२००० मध्ये लोखंडाची मर्यादा ०.५५ आहे.

यातून समतुल्यतेची एक गोष्ट कळते, जी आमच्या पर्यायी शब्दांच्या याद्यांत कधी सांगितलेली नसते : ती दोन्ही दिशांनी सारखी चालत नाही. ४२१०० म्हणून नीट ओतलेला धातू बहुतेक वेळा एलएम २५ म्हणून चालेल, टायटॅनियमची मर्यादा तेवढी वेगळी तपासावी लागते. उलट दिशेने मात्र चालेलच असे नाही. ए३५६.० आणि ४२१०० हे तर लोखंडात जवळजवळ जुळे. पण तांबे पाहा. अमेरिकी मर्यादा ०.२०, युरोपीय ०.०५. तांबे ०.१२ टक्के असलेला धातू अमेरिकेत पहिल्या वर्गात उत्तीर्ण आणि युरोपात नापास. 'पाणी' आणि 'जल' पर्यायी शब्द खरे, पण एखाद्याला 'जलात पाहता' येत नाही.

आणखी एक गोष्ट मला फार विलक्षण वाटली. दाबाखाली साच्यात मारण्याचे, म्हणजे प्रेशर डाय कास्टिंगचे मिश्रधातू घ्या. अमेरिकी ए३८० मध्ये सिलिकॉन ७.५ ते ९.५ टक्के. युरोपीय ४६००० मध्ये ८ ते ११. जपानी एडीसी १२ मध्ये ९.६ ते १२. कुठल्याही तक्त्यात ए३८० च्या पुढे ४६००० दिसेल, आणि ४६००० च्या पुढे एडीसी १२ ही दिसेल. मधल्या भागात दोन्ही जोड्या एकमेकींवर येतात, त्यामुळे ते सर्वस्वी खोटेही नाही. पण ए३८० जिथे संपतो, ९.५ वर, त्याच्यापुढे एडीसी १२ सुरू होतो, ९.६ वर. या दोघांचा एकही कण सामाईक नाही! तरी दोन पायऱ्यांनी ते 'समान' ठरतात. शब्दकोशात एका शब्दाचा अर्थ पाहावा, त्या अर्थाचा अर्थ पाहावा, असे चार वेळा केले की आपण कुठल्या कुठे जाऊन पोहोचतो. आमचे विद्यार्थी परीक्षेत हे नित्य करतात.

लोखंडाला इतके का घाबरायचे, हे मी त्या ओतशाळेतच विचारले. उत्तर ऐकण्यासारखे आहे. ॲल्युमिनियम-सिलिकॉनमध्ये लोखंड विरघळून राहत नाही, थंड होताना ते ॲल्युमिनियम व सिलिकॉनशी मिळून पातळ पापुद्रे धरते. कापून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की ते सुयांसारखे दिसतात. धातू ताणला की भेग त्या सुईपासून सुरू होते. म्हणजे ताकद फारशी घटत नाही, पण लवचिकपणा जातो, वाकण्याआधी तुटते. थोडे मँगनीज असेल तर या सुयांचा आकार बदलतो आणि फांद्याफांद्यांची आकृती दिसते. धातुशास्त्रज्ञ तिला चक्क 'चिनी लिपी' म्हणतात. लिपीचा उल्लेख निघाल्यावर मी थोडी जास्तच वेळ सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसले, हे सांगायला हरकत नाही.

परंतु हेच लोखंड डाय कास्टिंगमध्ये हवे असते. तिथे वितळलेला धातू पोलादी साच्याला चिकटू नये म्हणून ते एक टक्क्याच्या आसपास मुद्दाम ठेवतात. ए३८० आणि एडीसी १२ दोन्हींत मर्यादा १.३ टक्के आहे. एकाच गोष्टीला एका कामात दोष आणि दुसऱ्या कामात गुण म्हणायचे, हे साहित्यशास्त्रालाही नवे नाही. शृंगारात जो दोष ठरतो तो कठोर वर्ण वीररसात गुण ठरतो.

लोखंड कमी ठेवायला पैसे लागतात, हेही सांगितले पाहिजे. भंगारातून केलेल्या इंगटात लोखंड येतेच, आणि एकदा आलेले लोखंड परवडेल अशा खर्चात बाहेर काढता येत नाही. म्हणून ४२१०० साठी खनिजापासून नव्याने काढलेला, महाग इंगट घ्यावा लागतो. शिवाय लोखंडी पळे, लोखंडी अवजारे भट्टीत बुडवली की लोखंड वाढते. मानक लिहिणाऱ्यांना हे ठाऊक आहे. म्हणून ४२१०० च्या वस्तूत ०.१९ चालते, पण इंगटाची मर्यादा ०.१५ आहे. मधला ०.०४ टक्का म्हणजे ओतशाळेला दिलेला श्वास. 'समान ग्रेड' म्हणणाऱ्या तक्त्यात हा महाग आणि स्वस्त मालातला फरक एका शब्दाने पुसला गेला होता. कुणी मुद्दाम पुसला असे मी म्हणत नाही. इंगट विकणाऱ्यांच्या दिनदर्शिकेच्या मागे असे तक्ते छापलेले असतात, तिथूनच तो उतरवला होता.

त्या परत आलेल्या मालाचे काय झाले होते, ते आता समजेल. त्याची ताकद पुरेशी भरली होती. युरोपीय मानकात ४२१०० ला, धातूच्या साच्यात ओतून उष्णता-संस्कार केल्यावर, किमान २९० मेगापास्कल ताकद आणि तुटण्यापूर्वी किमान ४ टक्के लांबणे अपेक्षित आहे. एलएम २५ ला तशाच स्थितीत २८० आणि २ टक्के. ताकदीचे आकडे शेजारी शेजारी, लांबण्याचे मात्र निम्मे. माल नापास झाला तो लांबण्यात. तो भाग ज्या यंत्रात बसणार होता तिथे जादा भार आला तर त्याने आधी वाकावे, एकदम तुटू नये, अशी रचनाकाराची इच्छा होती. ती इच्छा आराखड्यावर कुठेही वाक्यात लिहिलेली नव्हती. ती फक्त त्या नावात होती.

मी 'उष्णता-संस्कार' म्हटले. तिथेही नावांचा घोळ आहे. अमेरिका, युरोप आणि जपान 'टी६' म्हणतात, ब्रिटिश 'टीएफ' म्हणत. युरोपीय नावात त्याआधी एक अक्षर येते : 'एस' म्हणजे वाळूचा साचा, 'के' म्हणजे धातूचा कायमचा साचा, कारण जर्मनमध्ये त्याला कोकिले म्हणतात. वाळूत ओतलेल्या ४२१०० कडून २९० ऐवजी २३० ची आणि ४ ऐवजी २ टक्क्यांची अपेक्षा असते. धातू तोच, नावातले एक अक्षर वेगळे. आमच्या तक्त्यात हे अक्षरच नव्हते.

आणि सगळे आकडे जुळले तरी धातू वेगळा असू शकतो. १९२० च्या सुमारास अलादार पाच याने दाखवले, की वितळलेल्या ॲल्युमिनियम-सिलिकॉनमध्ये सोडियमचे क्षार किंचित मिसळले तर सिलिकॉनच्या जाड पात्यांचे बारीक तंतू होतात आणि ठिसूळ धातू चिवट बनतो. आज त्यासाठी बहुधा स्ट्राँशियम घालतात, ०.०२ टक्क्याच्या आसपास. एवढ्याने तक्त्यातला आकडा हलत नाही.

गोव्यात बोलते आहे तर समुद्राचेही एक उदाहरण देते. एलएम ६ आणि एलएम २४ दोन्ही सिलिकॉनवाले, दोन्ही साच्यात छान वाहतात. दाबाखालच्या ओतकामाला एलएम २४ फार सोयीचा. पण त्यात तांबे ३ ते ४ टक्के, एलएम ६ मध्ये ०.१ टक्क्याच्या आत. खाऱ्या हवेत तांब्याचा ॲल्युमिनियम लवकर खातो. ओतणाऱ्याच्या दृष्टीने जे दोन शेजारी, ते होडीवाल्याच्या दृष्टीने एकमेकांचे कोणी नव्हेत.

म्हणून 'कशासाठी समान?' हा प्रश्न टाळता येत नाही. सीमाभागातल्या विद्यार्थ्यांना तो चांगला ठाऊक असतो. बेळगावची पदवी घेऊन कोल्हापूरला किंवा गोव्याला प्रवेश घ्यायचा तर समकक्षतेचा कागद लागतो. तो कागद प्रवेशासाठी चालला म्हणून नोकरीसाठी चालेल असे नाही. समकक्षता पदवीत नसते, ती कुणीतरी, कुठल्यातरी कामापुरती मान्य केलेली असते. धातूंचेही तसेच. आराखडा ज्याचा, त्याने लेखी मान्यता दिली तरच बदल करायचा. हा नियम अभियंत्यांना नवा नाही, तक्त्याच्या मथळ्यात तेवढा तो नव्हता.

मालकाशी बोलणे झाले. पगार कापायचे रद्द झाले. माझ्या शब्दार्थविवेचनामुळे झाले की भट्टीवाला सोडून गेला तर दुसरा मिळणार नाही म्हणून, ते मी विचारले नाही. आता ती ओतशाळा युरोपच्या आणि अमेरिकेच्या कामासाठी एकच रस तयार करते : सिलिकॉन ७, मॅग्नेशियम ०.३५, लोखंड ०.१२, तांबे ०.०२ च्या आसपास. अशा आकड्यांना ए३५६.०, ४२१००, एसी४सीएच आणि एलएम २५ चारही नावे लागू पडतात. खर्च जास्त येतो. अनुवाद न करता चारही भाषांत कळेल असे वाक्य बोलायचे तर शब्द निवडून घ्यावे लागतात, तसा.

राहिला मथळा. 'समान' काढले. 'समतुल्य' सुचले, परिभाषा कोशांत तेच सापडेल. पण 'तुल्य' मध्ये तराजू आहे, आणि इथली पारडी सारखी नाहीत. 'समकक्ष' कामगारांना पदवीचे वाटले. 'पर्यायी' तर सर्वांत धोक्याचे, कारण पर्याय म्हणजे हे नसेल तर ते घ्या. 'जवळचे' बरे होते. तेवढ्यात भट्टीवालाच म्हणाला, "भावकी म्हना की बाई." एका मूळपुरुषाचे, एका आडनावाचे, लग्नकार्यात एका पंगतीला बसणारे, पण एकाच्या सातबाऱ्यावर दुसऱ्याला पीक घेता येत नाही. ओतशाळेतल्या तरुण अभियंत्याला हा शब्द तक्त्यावर गावंढळ वाटला. मी भट्टीवाल्याच्या बाजूने मत दिले. तक्ता छापला तो असा : 'भावकीतल्या ग्रेड. ग्राहकाला विचारल्याशिवाय बदलू नये.' लोखंड, तांबे आणि उष्णता-संस्कार यांचे रकाने वाढवले, आणि साच्याचे अक्षर लिहायला जागा सोडली.

भट्टीवर निम्मे लोक कन्नड बोलणारे आहेत, तेव्हा कन्नड मथळाही हवा. आमच्या कन्नड विभागातील सहकाऱ्यांनी 'दायादि' सुचवला. अर्थ अगदी तोच. मात्र कन्नडमध्ये 'दायादि मत्सर' असा जोडशब्दच रूढ आहे, आणि तो ऐकताच माणसाला आधी भांडण आठवते, नाते नंतर. काहींच्या मते तेच चांगले, निदान कुणी न विचारता एकाच्या जागी दुसरा ओतणार नाही. काहींना ते फार वाटते. अजून ठरलेले नाही. तूर्त त्या जागी नुसते आकडे आहेत.